खदानीचं इंजिन आणि गावची बारव

लग्न होऊन मी जालन्यातल्या मस्तगडाहून राजूरच्या वाटेवरच्या एका खेड्यात आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. राजूरची सडक पक्की करायचं काम त्याच वर्षी निघालं. काम घेतलेल्या गुत्तेदारानं खडीसाठी आमच्या गावाला लागूनच्या बरडावर खदान सुरू केली. सुरुंगाचा पहिला बार झाला तेव्हा माझ्या हातातली परात पडली आणि घरातले सगळे हसले.

होळीच्या सुमाराला खदानीत पाणी लागलं. गुत्तेदाराला ते नको होतं, पाणी असलं की सुरुंग लावता येत नाहीत. त्यानं जालन्याहून तेलाचं इंजिन आणलं आणि उपसलेलं पाणी खालच्या नाल्यात सोडून दिलं.

गावाला पिण्याच्या पाण्याची एकच बारव होती. पायऱ्या उतरून आत जायचं, घागर बुडवायची, वर यायचं. वडारांच्या बायका खदानीवर दगड फोडायच्या, त्यांना मात्र कुणी आत उतरू देत नसे. त्या वर उभ्या राहायच्या आणि आमच्यातली कुणीतरी त्यांच्या मडक्यात पाणी ओतायची. इंजिन सुरू झालं तशा बारवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडायला लागल्या. शेवाळलेल्या, निसरड्या, म्हाताऱ्यांनीही कधी न पाहिलेल्या.

मला घरात बसवेना. भाकरी थापत असले तरी कान इंजिनाकडं. धडधड ऐकू आली की वाटायचं, आत्ता या घडीला पाणी खाली चाललंय. मी उगाच कळशी घेऊन बारवेपर्यंत जायची, डोकावून परत यायची. थोरली जाऊ म्हणायची, "अगं, सारखं बघून पाणी वाढतं व्हय?" पण एकदा मी परत येत होते, तर तीच समोरून बारवेकडं निघालेली. हातात भांडंसुद्धा नव्हतं.

ती पोटुशी होती. तरी बारवेच्या तळाशी उकिडवी बसून वाटी-वाटीनं घागर भरायची. मी म्हटलं, तुम्ही वर बसा, तर ऐकायची नाही.

अशात इंजिन बिघडलं. दुरुस्तीला जालन्याहून माणूस येईपर्यंत खदान बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बारवेत अख्खी घागर बुडत होती. बायका हसायला लागल्या, एकमेकींवर पाणी उडवायला लागल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि आम्ही परत वाटीवर आलो. आता कुणाच्याच मनात शंका राहिली नाही.

सासरे गुत्तेदाराला भेटून आले. पायरीवर बसून म्हणाले, "त्यो म्हणतो, उन्हाळ्यात पाणी उतरतंच. खदानीचा संबंध न्हाई."

"मंग मामा, तुमी काय म्हणलात?" जावेनं दाराआडून विचारलं. सासऱ्यांना असं कुणी विचारत नसे.

"काय म्हणू? सरकारी सडक हाये."

जावेनं पदर खोचला. मला म्हणाली, "चल."

आळीतल्या बायकांना हाका मारत आम्ही खदानीच्या काठावर जाऊन बसलो. माणसं बसलेली असताना सुरुंग उडवता येत नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मुकादम ओरडला, हात जोडले, शेवटी काम थांबवलं. हातोडे बंद पडले तशी एक वडारीण चढून वर आली. मला वाटलं, आता ही भांडणार, तिचा रोज बुडत होता.

"इंजिन बंद पाडता, मंग आमी काय खावं?" ती म्हणाली. "पर तुमी वतता तेच आमी पितो. तुमचं आटायच्या आधी आमचं आटतं." आणि ती आमच्यापासून जरा अंतर राखून खाली बसली. जाऊ सरकली आणि तिला जवळ जागा करून दिली.

दुपारी गुत्तेदाराचा तांगा आला. जुन्या जालन्यात त्याचं धान्याचं दुकान होतं, आमच्या माहेरी ज्वारी तिथूनच यायची. त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"तू मस्तगडची ना? वडलांना सांगू का, पोरगी खदानीवर बसून राह्यली म्हणून?"

"सांगा," मी म्हटलं. "तिला प्यायला पाणी न्हाई, हेबी बराबर सांगा."

तो चिडला नाही. कपाळ पुसत म्हणाला, "बाई, इंजिन बंद ठेवलं तर खदान बिलकुल बुडती. सडक कशी व्हायची?"

"आमी तरी काम बंद पाडा म्हणत न्हाई," जाऊ म्हणाली. "पाणी भरू द्या, मंग उपसा."

बरीच बोलाचाली होऊन ठरलं ते असं, की दुपारपर्यंत इंजिन लावायचं नाही. गुत्तेदारानं शब्द पाळला. सकाळी घागरी भरत होत्या, त्यावर तो उन्हाळा निघाला. जावेला मुलगा झाला.

पण खदान खोल जातच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात इंजिन बंद असलं तरी बारवेत पाणी चढेना. झराच तिकडं वळला होता. मग सडक झाली, गुत्तेदार इंजिन गाडीवर घालून निघून गेला आणि खदान आपोआप भरली. ज्या उतारावरून खडीच्या गाड्या चढायच्या, त्यावरून गाव पाण्याला उतरायला लागलं. तुरटी फिरवून लोक तेच पिऊ लागले. तिथं कुणी कुणाला अडवलं नाही.

जाऊ तेवढी गेली नाही. आपली बारव खाल्ली त्या खड्ड्याचं पाणी नको, म्हणायची. पोराला काखेत घेऊन ती लांबच्या एका मळ्यातल्या विहिरीवर जायची. एका वर्षी मळेवाल्याचंच भागेना, त्यानं नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यामागून खदानीत उतरली. काठावर बसून ती ओंजळभर पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं.

"कसं हाये?" मी विचारलं.

"गोड हाये," ती रागानं म्हणाली आणि घागर पाण्यात लोटली.