ऊन नव्हे, उजेड

वेंकोबरावांच्या माडीवरची खोली बघायला गेलो, तेव्हा मी आधी छताकडे पाहिलं. पाळण्यासाठी ठोकलेला लोखंडी आकडा होता, पंखा नव्हता. "पंखा नाही का?" एवढंच मी विचारलं, तर म्हाताऱ्याने मला नखशिखान्त न्याहाळलं. "कुठचे तुम्ही?" मी म्हटलं, पुण्याचा. "हां, मग सरी, बरोबर आहे," ते समजूत घातल्यासारखे म्हणाले. "बेंगळुरास फॅन कशाला?"

त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. त्यामुळे बेंगळूरची हवा ही त्यांच्या मते घरचीच इस्टेट होती, आणि तिला कुणी नाव ठेवलं की त्यांना ते खानदानावर आल्यासारखं वाटे. नव्वदच्या दशकात गावातली झाडं पटापट पडत होती आणि एप्रिलमध्ये रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अण्णा (आठवड्याभरात मीही त्यांना अण्णा म्हणू लागलो होतो) ओसरीवरच्या खुर्चीत बसून ते सगळं पाहत आणि म्हणत, "हे ऊन नव्हे रे, उजेड आहे. तुम्हां पुण्याच्या लोकांस फरक कळत नाही." आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी, अक्का, पदराने मान पुसत भाकऱ्या थापत असायच्या. पंख्यासाठीचा त्यांचा अर्ज तीस वर्षं पडून होता.

अण्णांचा दुसरा अभिमान म्हणजे गळ. सर्व्हे खात्यात नकाशे काढण्यात हयात गेली, त्यामुळे तासन्‌तास न हलता बसायची सवय होती. दर रविवारी हेब्बाळच्या तळ्यावर जायचे. घर पक्कं शाकाहारी. मासा धरायचा, कौतुकाने बघायचा आणि सोडून द्यायचा. "खायचा नाही तर धरता कशाला?" असं मी एकदा विचारलं. "तू क्रिकेट बघतोस की नाही? चेंडू खातोस काय?"

तळ्यावरच्या हौशी मंडळींची दर वर्षी थंडीत स्पर्धा व्हायची. सकाळी गळ टाकायचे, धरलेला मासा काठाशी पाण्यातच जाळीत ठेवायचा आणि तीन वाजता वजन. अण्णा सहा वर्षं ओळीने दुसरे आले होते, आणि पहिला नंबर सहाही वर्षं एका निवृत्त मेजरने पटकावला होता. त्या साली जलपर्णी काढायचं काम लांबलं आणि स्पर्धा ऐन एप्रिलमध्ये आली. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुढच्या वर्षी पाण्यावर तरंगणारं गळाचं बूच दिसेल, याची खात्री नव्हती. म्हणजे हीच शेवटची संधी. पण जानेवारीत त्यांच्या छातीत कळ येऊन गेली होती, आणि उन्हात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता साधा माणूस काय म्हणेल? ऊन फार आहे, नाही जात. पण हे वाक्य अण्णांना उच्चारता येत नव्हतं, कारण अक्का त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातून स्वच्छ सांगितलं, "ऊन नसेल तर जावा. ऊन असेल तर राहा, आणि उद्या फॅन आणा. दोन्हींतलं एक काय ते सांगा."

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पहिल्या दिवशी अण्णा रंगीत तालीम म्हणून भर दुपारी गच्चीवर छत्री घेऊन तासभर बसले. खाली आले ते टोमॅटोसारखे लाल होऊन. चार लोटे ताक प्यायले आणि म्हणाले, "वर छान वारं आहे." दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर पारा छापून आला, तेव्हा त्यांनी पेपर बदलायचा विचार बोलून दाखवला. तिसऱ्या दिवशी माझी साक्ष झाली. "तू खरं ऊन बघितलेला माणूस. सांग, हे ऊन आहे काय?" अक्का दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "स्वल्प आहे." या उत्तरावर दोघंही माझ्याशी दिवसभर बोलली नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी जाहीर केलं, "जातो."

पहाटे उठून अक्कांनी नाचणीच्या पिठात हिंग घालून गळाला लावायचे गोळे वळून दिले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू संगती जा. छत्री धर. पडले तर आधी सावलीत ने, मागून मला कळव." त्यांचा आवाज कापत होता, आणि तो मला ऐकू येऊ नये म्हणून त्या भांड्यांचा आवाज करत होत्या.

चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. आमच्या वाट्याला अर्थातच झाड नसलेला काठ आला. साडेदहाला बूच बुडालं. पाऊण तास झुंज देऊन अण्णांनी असा थोरला कटला मासा काढला, की मेजर स्वतःची जागा सोडून बघायला आला. मी नाचायचाच बाकी होतो. आता तीन वाजेपर्यंत नुसतं बसायचं होतं.

बाराच्या सुमाराला अण्णांनी काठाच्या तापलेल्या पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मासा जाळीत वर येऊन तोंड उघडत होता, मिटत होता. अण्णांनी माझ्या हातून छत्री घेतली आणि माशावर धरली. अर्धा तास ते स्वतः भर उन्हात वाकून, माशावर छत्री धरून उभे होते. मी म्हटलं, "अण्णा, मेला तरी वजनात धरतात. नियम आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. मग त्यांनी जाळी उघडली. मासा जरा रेंगाळला आणि खोल पाण्यात गेला. "किती ऊन लागलं रे त्यास," अण्णा म्हणाले.

मेजर सातव्यांदा पहिला आला. आमच्या नावापुढे मासाच नव्हता.

गाढवपणा माझा. घरी येऊन मी अक्कांना सगळं रंगवून सांगितलं, त्या शेवटच्या वाक्यासकट. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते वाक्याशी येऊन कोरडे झाले. त्या अण्णांकडे वळल्या. "तीस वर्षं मी चुलीपुढे आहे. ते ऊन नव्हे. त्यास तासाभरात लागलं?"

अण्णांनी पाय धुतले आणि न जेवता ओसरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून पंखा आला. माणूस आणून त्यांनी तो स्वयंपाकघरात लावून घेतला, वायर दोनदा ओढून पाहिली. त्याच्याखाली मात्र ते कधी बसले नाहीत. "मला थंडी वाजते," म्हणायचे, आणि ओसरीवर घाम पुसत बसायचे. अक्का पंखा पाचावर ठेवत.

दोन वर्षांनी अण्णा गेल्याचं कळलं, तेव्हा मी पुण्याला परतलो होतो. एप्रिलमध्येच भेटायला गेलो. अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, कपाळ घामाने डबडबलेलं. पंखा बंद होता. वीज गेली असेल असं वाटलं, पण बटणच बंद होतं, म्हणून मी तिकडे हात नेला.

"नको घालू," त्या म्हणाल्या.

"अहो अक्का, केवढं गरम होतंय."

त्यांनी ओसरीवरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पदराने कपाळ पुसलं. "गरम? बेंगळुरास?"

मी हात मागे घेतला आणि त्यांच्यासमोर घाम पुसत बसून राहिलो.