लोसाची खुर्ची

सामोआ बेटांवरच्या आपिया शहरात, एका हॉटेलच्या धुलाईघरात मी बरीच वर्षं चादरींच्या घड्या घालते. घड्यांचं टेबल खिडकीपाशी. समुद्राचा वारा येतो तो तिथेच, म्हणून ते म्हाताऱ्या बायकांचं. इस्त्रीचं मोठं यंत्र मागच्या भिंतीला, नुसती भट्टी, ते पोरींचं. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी मोडलंही नव्हतं.

लोसा आमची मुकादम झाली आणि लूपे नावाची पोर तिच्यापुढे उभी राहिली. "पगार सारखा, मग घाम का नाही सारखा? पाळ्या लाव, नाहीतर आम्ही पोरी निघालो न्यूझीलंडला कामाला."

टेबलाशी लोसाची आत्या सीउला होती. आई गेल्यावर तिनंच लोसाला वाढवलं. इथे थोरांसमोर उभं राहून बोलणं उद्धटपणाचं. ती म्हणाली, "थोरांपुढे बसून बोलावं गं. गुडघ्यात वात आलाय का एवढ्यात?"

"बसले तर यंत्र कोण चालवणार, आजी? तुम्ही?"

सगळ्या हसल्या. लोसा नाही हसली. पोरी गेल्या तर काम बंद पडणार होतं, आणि आत्या दुखावली तर तिला दुसरं माणूस नव्हतं.

तिनं पाळ्या लावल्या. आपल्याच माणसाला वगळलं तर बाकीच्या कशा ऐकतील, म्हणून यंत्रावर पहिली पाळी आत्याची. आत्यानं केस वर बांधले आणि ती दुपारपर्यंत यंत्रापाशी उभी राहिली. लोसा मदतीला गेली, तर तिच्याकडे बघितलंही नाही.

दुपारी आम्ही चटईवर जेवतो. सीउला प्रार्थना म्हणते, मीही डोळे मिटून माझ्या देवाचं नाव घेते. मग लोसा थोरल्यांना कोको ओतायची आणि शेवटी आत्याला चिकटून बसायची. लहानपणापासूनची तिची जागा ती. त्या दिवशी तिनं किटली उचलली, तशी आत्यानं ती काढून घेतली आणि दारापाशी खुर्ची मांडली.

"मुकादमानं किटली धरायची नसते. बसा."

"आत्या, अहो, मी इथेच..."

"बसा म्हणते ना."

पहिला कोको तिला. तळलेले गोड गोळेही आधी तिलाच. तिनं घास घेईपर्यंत कोणी ताटाला हात लावला नाही. त्या मानात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

लूपे टिकली. काम नीट चाललंय. घरीही आता आत्या आधी लोसाचं ताट वाढते म्हणे. एकदा मी माझी चटई लोसाच्या खुर्चीजवळ सरकवली, तर ती हळूच म्हणाली, "नको काकू. आत्यांना वाटेल, मीच बोलावलं."

आत्याशेजारी चटईवर एका माणसाची जागा रिकामी असते. तिथे कोणी बसत नाही. लोसा पहिला गोळा घाईघाईनं गिळते, म्हाताऱ्यांचा कोको निवू नये म्हणून.