मोबाईलला लावलेला बॅज

किरणांजवळ काम केलं की किस्से आपोआप साठतात. चहाला चार जण उभे राहिले की एखादा निघतोच! बोईसरच्या एका छोट्या कंपनीत आम्ही पाइपच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढायचो. प्रत्येकाच्या छातीवर फिल्म बॅज. दर महिन्याला तो तपासायला जाई आणि कोणाला किती किरणं लागली ते कळे.

* * *

सालवडला राहणारा आमचा मिश्रा त्या बॅजला रोज उदबत्ती ओवाळायचा. मी म्हटलं, "अरे, हा फक्त मोजतो."

"नहीं साहब, यही तो बचाता है!"

* * *

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेठने सुपरवायझर राऊतला मोबाईल दिला. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर! राऊत तासन्‌तास वर बसून बोलायचा आणि लालबुंद कान घेऊन उतरायचा.

"मेंदू शिजला का रे?"

"होता तेवढा शिजला!"

* * *

मग पेपरात आलं, मोबाईलने मेंदूला धोका असू शकतो. राऊत टरकला. "मोजू या की!" मी म्हटलं. मोजणं हा तर आमचा धंदा! त्याच्याच छातीवरचा बॅज काढून मी टेपने मोबाईलला चिकटवला. महिन्याने कागद आला, शून्य. मी तो त्याच्या घरी नेऊन दाखवला. राऊतने पेढे वाटले.

* * *

पुढे एका ट्रेनिंगमध्ये त्याने हे सांगितलं. शिकवणारे साहेब म्हणाले, "अहो, मोबाईलच्या लहरी या फिल्मवर उमटतच नाहीत. ताप काय वजनकाट्यावर मोजता?"

सगळे हसले, राऊत सगळ्यात जास्त. मला हसू आलं नाही. बॅज मोबाईलला चिकटवला होता त्याच महिन्यात किरणांचा सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा धातूचा तुकडा, नळीत अडकला होता आणि राऊतने जवळ जाऊन तो सोडवला होता. तेव्हा बॅज त्याच्या छातीवर नव्हता, मोबाईलसकट ऑफिसात पडला होता. तो मी काढला होता. मला भीती वाटली आणि मी ते कोणालाच कळू दिलं नाही.

* * *

दोन वर्षांनी राऊतचं डोकं दुखायला लागलं. मेंदूत गाठ निघाली. कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. सहा महिन्यांत तो गेला.

तेराव्याला शिरगावला राऊतच्या घरी गेलो. वहिनींनी रुमालात बांधलेला मोबाईल माझ्यापुढे ठेवला. "या मेल्यानंच खाल्लं त्यांना. घेऊन जा."

मी उठलो, तर दारापर्यंत आल्या.

"भावजी, कामामुळं तर नाय ना झालं? बॅज शून्य आला व्हता. तुमीच कागद दाखवला व्हता ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "शून्यच होता."