एक जूनला जन्मलेली माणसं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजात रोल्लाला राहत होतो आणि मी रास अल खोरमधल्या एका कंत्राटी कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत होते. नवरा दुबईत शिपिंगच्या ऑफिसात, माझा व्हिसा त्याच्या नावावर, मुलगी दुसरीत. आमची कंपनी माणसं पुरवायची: सुतार, फिटर, वेल्डर, मदतनीस. कुठे इमारत उभी राहायची असली की आमच्याकडून माणसं जायची आणि काम संपलं की परत यायची. परत आलेली माणसं पुढचं काम मिळेपर्यंत कॅम्पमध्ये बसून असत.

त्यांच्यासाठी कंपनीने एक फंड काढला होता. प्रत्येकाच्या पगारातून महिन्याला दहा दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे एकशे दहा रुपये कापायचे, तेवढेच कंपनी घालायची. माणूस बिनकामाचा बसला की तीन महिन्यांपर्यंत त्याला निम्मा पगार मिळायचा. आमच्या ओळखीत दुसरी कुठली कंपनी असं काही देत नव्हती. ऑफिसात आम्ही त्याला बेकारी फंड म्हणायचो आणि आम्हाला त्याचा अभिमान होता.

मग कुणकुण लागली की फंडातून पैसे घेणारे काही जण दिवसा कॅम्पमध्ये नसतातच. आमच्याच मालकाची दुसरी कंपनी जबल अलीत गोदामं चालवायची. तिथे माल उतरवायला छोट्या कंत्राटदारांमार्फत रोजंदारीवर माणसं घेत. आमचे काही जण गुपचूप तिथे जात. इकडे निम्मा पगार, तिकडे रोजी. कॅम्पच्या हजेरीवहीत त्यांच्या सह्या मात्र रोज असायच्या, कारण खोलीतलाच कुणीतरी त्या करून टाकायचा.

आमचे पर्सोनेल मॅनेजर लखनौकडचे, अतिशय अदबीने बोलणारे. त्यांनी मला बोलावून विचारलं, गोदामाच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते, ती यादी आणि आपली फंडाची यादी कॉम्प्युटरवर ताडून बघता येईल का? मी म्हटलं, का नाही येणार? असं काम मला आवडायचं. पगारपत्रकं छापून छापून कंटाळले होते. कंपनीचा ड्रायव्हर जबल अलीहून फ्लॉपी घेऊन आला आणि मी प्रोग्राम लिहायला बसले.

गेटवरचा माणूस लेबर कार्ड बघून चार गोष्टी लिहून घ्यायचा: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, देश. पासपोर्ट नंबर लिहीत नसत. तो मिळाला असता तर काम पक्कं झालं असतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गोदामाच्या ऑफिसात पासपोर्टच्या झेरॉक्स फायलीत लावलेल्या होत्या, पण त्या उघडून सगळे नंबर टाइप करायला दोन-तीन आठवडे गेले असते. मॅनेजरना यादी रमजानच्या आधी मालकांपुढे ठेवायची होती. मी ठरवलं की चारही गोष्टी जुळल्या तर माणूस तोच. नावांच्या स्पेलिंगवर मात्र मी खूप मेहनत घेतली. एकच नाव कुणी एका 'ए'ने लिहितं, कुणी दोन, कुणी 'व्ही', कुणी 'डब्ल्यू'. ते सगळं माझा प्रोग्राम समजून घ्यायचा. चारही जुळली की नावापुढे काय छापायचं, हेही मीच ठरवलं. 'पॉसिबल' लिहावं की 'कन्फर्म्ड', यावर मी थोडा वेळ घालवला. 'कन्फर्म्ड' जास्त चांगलं दिसत होतं.

पहिली यादी निघाली तेव्हा प्रिंटरभोवती गर्दी जमली. ज्यांची नावं आली त्यांना मॅनेजरनी एकेक करून बोलावलं. पहिल्या तिघांनी तर समोर बसताच कबूल केलं. एक जण रडला, आणि मला त्याचं वाईट वाटलं, पण चोरी ती चोरी, असंही वाटलं. मालकांनी ऑफिसात मिठाई पाठवली. मीटिंगमध्ये मॅनेजरनी मला उभं केलं आणि यात चूक होऊ शकते का, असं सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हणाले, चार गोष्टी एकदम जुळतात, चुकायला जागाच नाही.

त्यानंतर आठवड्याभराने, सोमवारी, एक माणूस जिन्यात माझी वाट बघत बसलेला दिसला. चाळिशीचे असतील. धुतलेला, इस्त्री न केलेला शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सकाळच्या बसने आले होते आणि दुपार होत आली होती. मला बघून उठले आणि मराठीत म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरचं काम तुम्हीच बघता ना?"

ते शटरिंगचे सुतार होते, राजापूरच्या बाजूचे. अकरा वर्षं याच कंपनीत. दोन महिने साइट नव्हती म्हणून फंडावर होते. त्यांना पत्र मिळालं होतं की तुम्ही फंडाचे पैसे घेत असताना जबल अलीत काम करत होता, म्हणून नोकरी संपली, व्हिसा कॅन्सल होईल आणि शनिवारचं तिकीट आहे. पत्र इंग्रजीत होतं, ते खोलीतल्या एका केरळी माणसाने त्यांना हिंदीत वाचून दाखवलं होतं.

मी त्यांना माझ्या टेबलापाशी बसवलं. ते सांगत गेले की या दोन महिन्यांत आपण खोलीतल्या बारा जणांचा स्वयंपाक करत होतो, पलंगांच्या खालची फळकुटं बसवत होतो, फार तर शुक्रवारी नमाजानंतर दुकानं उघडली की बाजारात जात होतो. मग पिशवीतलं पत्र पुन्हा एकदा उघडून म्हणाले, "मी खंयच जावक नाय." आणि लगेच सावरून, मला कळलं नसेल असं वाटून, शुद्ध मराठीत, "मी कुठेच गेलो नाही, ताई."

मी यादी काढली. त्यांचं नाव होतं, पुढे 'कन्फर्म्ड' होतं. नाव अगदी साधं, कोकणात घरटी एक असेल असं. वडिलांचं नावही तसंच. आडनाव पासपोर्टवर नव्हतंच, कारण पासपोर्ट काढणाऱ्या एजंटाने ते लिहिलं नव्हतं. जन्मतारीख एक जून.

त्या तारखेवर माझं बोट थांबलं. माझ्या वडिलांचा जन्म कार्तिकातला, पण शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे. काकांचाही एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, मुलाची तारीख आईला ठाऊक नसायची आणि मास्तर अंदाजाने वर्ष धरून एक जून लिहून टाकायचे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या ऑफिसात ते माहीत असायला हवं अशी मी एकटीच मराठी होते. मी संपूर्ण फंडाची यादी तारखेप्रमाणे लावून बघितली. महाराष्ट्रातल्या माणसांपुढे एक जून, एक जून, एक जून असं पानभर आलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, यात चूक असू शकते, मी साहेबांशी बोलते.

मॅनेजरनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकेक गोष्ट बाजूला सारली. हजेरीवहीत रोजची सही आहे? ती तर सगळ्यांचीच होती. खोलीतले साक्ष देतील? तीही सगळ्यांच्याच खोल्यांतल्यांनी दिली होती. प्रामाणिक माणसाकडे जे पुरावे असतात तेच लबाडांनी आधी वापरून संपवले होते. शेवटी त्यांनी ती यादी माझ्याकडे फिरवली आणि त्या शब्दावर पेन ठेवलं.

"ये कन्फर्म्ड आपने ही लिखा है, मॅडम. मैंने नहीं लिखा."

मी विचारलं, गेटवर या नावाची नोंद असलेल्या माणसाच्या पासपोर्टची झेरॉक्स आणली तर? ते म्हणाले, आणा, मी बघतो. खोटं बोलत नव्हते.

गोदामाच्या ऑफिसने फोनवर सांगितलं की फायली बाहेर देता येत नाहीत, लेखी विनंती करा. मी लिहिली. मंगळवारी उत्तर आलं नाही. घरी नवऱ्याने मला समजावलं की तू तुझं काम केलंस, आता फार पुढे जाऊ नकोस, उद्या आपल्यावर शेकलं तर इथे आपलं कोण आहे? तो घाबरट नव्हता. आमच्या इमारतीतलं एक कुटुंब तसंच महिन्याभरात सामान विकून गेलेलं आम्ही दोघांनी पाहिलं होतं.

बुधवारी मी रजा टाकली आणि कंपनीच्या ड्रायव्हरला विनवून त्याच्याबरोबर जबल अलीला गेले. तिथल्या क्लार्कने, बाई एवढ्या लांब आली म्हणून असेल, आधी चहा दिला आणि मग फाईल काढून दिली. फोटो बघितल्याबरोबर कळलं. हा जेमतेम तिशीचा दिसत होता, भरगच्च केसांचा. कागदावर मात्र तेच नाव, वडिलांचं तेच नाव, तीच तारीख, तेच साल. पासपोर्ट नंबर वेगळा, गाव गुहागरच्या बाजूचं. मास्तरांनी त्याला दहा-बारा वर्षांनी मोठा केला होता की फोटोच जुना होता, ते मला आजही ठाऊक नाही. क्लार्क म्हणाला, हवं तर भेटा. तो कंटेनरपाशी खोकी मोजत होता. तो खरोखरच होता, एवढंच मी लांबून बघून घेतलं. जवळ जाऊन त्याला काय विचारणार?

झेरॉक्स घेऊन मी संध्याकाळच्या आत रास अल खोरला परत आले. मॅनेजर ऑफिसातच होते. त्यांनी झेरॉक्सवरचा आणि आमच्या फायलीतला सुतारांचा, असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले. मग पीआरओला बोलावलं. हा पीआरओ व्हिसाची सरकारी कागदपत्रं करायचा. तो म्हणाला, यादीतल्या सगळ्यांचं कॅन्सलेशन सकाळीच झालं, बॅनचा शिक्काही बसला, एक वर्षाचा. कंपनीनेच अर्ज केला होता.

"आता परत करता येत नाही?" मी विचारलं.

त्याने हात झाडले. "खलास, मॅडम."

मॅनेजर म्हणाले की वर्षाने त्यांनी पुन्हा अर्ज करावा, मी स्वतः लक्ष घालीन. मालकांना सांगाल का, असं मी विचारलं तेव्हा ते फक्त म्हणाले की मालकांना यादी पसंत पडली आहे.

गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं. ते सुतार पुन्हा जिन्यात येऊन बसले होते. मी त्यांना झेरॉक्स दाखवली. ती त्यांनी दोन्ही हातांत धरून नीट बघितली. त्यांना वाटलं, सुटलो. चेहऱ्यावर ते मला स्पष्ट दिसलं, आणि मग मला पुढचं सांगावं लागलं. दोन-तीनदा सांगावं लागलं, कारण माणूस वेगळा आहे हे साहेबांनी मान्य केलं आणि तरी जायचं, याची सांगड त्यांना घालता येत नव्हती. मलाही येत नव्हती.

"म्हणजे मी काय केलं नाही हे सगळ्यांना कळलं," ते म्हणाले.

"हो."

"आणि शनिवारी जायचं."

मी मान हलवली. त्यांनी झेरॉक्स मागितली. ती दुसऱ्याच्या पासपोर्टची होती, मी देऊ शकले नाही. शनिवारी ते गेले. मी विमानतळावर गेले नाही. तिथे जाऊन करणार तरी काय होते?

पुढच्या महिन्यात मी गोदामाच्या सगळ्या फायली मागवल्या आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून पासपोर्ट नंबर टाइप केले. प्रोग्राम पुन्हा चालवला. पहिल्या यादीतली आणखी तीन नावं गळून पडली. तिघेही केव्हाच घरी गेलेले. तो कागद मी मॅनेजरना दिला. त्यांनी घडी घालून खणात ठेवला. त्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दोनदा विचारल्यावर मीही विचारणं सोडलं. प्रोग्राम मात्र आता चांगला चालायला लागला. मी त्या नोकरीत अजून दोन वर्षं होते.

त्या सुतारांच्या जुन्या फॉर्मवर गावातल्या एका किराणा दुकानाचा फोन नंबर होता. एका शुक्रवारी सकाळी मी कार्ड घालून बूथवरून फोन लावला. दुकानदार म्हणाला, दहा मिनिटांनी करा, बोलावतो. दहा मिनिटांनी तेच बोलले. आवाज चांगला होता. शेजारच्या घराचं छप्पर करायला घेतलंय म्हणाले. मी कॉम्प्युटरमधली चूक आता काढलीय असं सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंत. मग त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्याला काय त्रास नाही ना झाला? त्याचं कार्ड बरोबर होतं ना?"

मी नाही म्हटलं, त्याला काही झालं नाही.

त्यानंतर त्यांनी एक काम सांगितलं. गावात बोललं जात होतं की दुबईत काहीतरी चोरी करून आला, म्हणून हाकललं. बायकोला विहिरीवर ऐकून घ्यावं लागत होतं. तर कंपनीच्या कागदावर एक पत्र मिळेल का, की याने काही केलं नाही म्हणून? मराठीत असलं तर बरं, पण इंग्रजीतही चालेल, शिक्का मात्र पाहिजे.

मॅनेजरनी या वेळी लगेच नकार दिला. कंपनीच्या कागदावर चूक कबूल करता येत नाही, बाकीचे तिघेही मागायला येतील. अदबीनेच बोलले. मग मी घरी, वहीचा दुरेघी कागद फाडून, मराठीत पत्र लिहिलं. कॉम्प्युटरचा प्रोग्राम मी लिहिला होता, चूक माझी झाली, या गृहस्थांनी कुठलंही गैर काम केलेलं नाही, असं लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव आणि पुण्याच्या माहेरचा पत्ता घालून सही केली. मुलगी शेजारी बसून बघत होती. "व्हाय आर यू रायटिंग इन मराठी?" एवढंच तिने विचारलं.

दीड महिन्याने त्यांचं आंतरदेशीय पत्र माझ्या पुण्याच्या माहेरी आलं आणि आईने ते फोनवर वाचून दाखवलं. पत्र मिळालं, आभारी आहे, छप्पर पुरं झालं, असं होतं. माझं पत्र कुणाला दाखवलं का, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.