दसऱ्याचं मशीन आणि आमचे अण्णा

माझ्या हुशारीमुळे आमच्या अण्णांची नोकरी जाणार होती. एखाद्या वैऱ्यालाही जमलं नसतं, ते मी अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या प्रकल्पात करून दाखवलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे निफाडकडचे, पण तीस वर्षं सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर पितळी बुश, म्हणजे यंत्रांत बसणाऱ्या छोट्या नळ्या, काढतात. प्रकल्पासाठी कारखाना हवा होता, म्हटलं घरचाच काय वाईट? शेठनी महिन्यामहिन्याचे आकडे दिले. कच्चा माल, मजुरी, वीज यांचे भाव आणि निघालेले नग समीकरणात घातले, की खर्च किती यायला हवा ते कळतं. प्रत्यक्षात त्याहून कमी आला, तर तो फरक म्हणजे तांत्रिक प्रगती. वर्गात हे ऐकलं तेव्हा मला फार आवडलं होतं.

आणि फरक आला की हो! दसऱ्यापासून उतरायला लागलेला खर्च संक्रांतीपर्यंत उतरतच गेला. दसऱ्यालाच कारखान्यात नवं, संगणकावर चालणारं मशीन आलं होतं. मग काय, मी लिहून मोकळी, की सगळी किमया मशीनची. वीजबिल तेवढं वाढलं नव्हतं. शहाण्या माणसाला तिथे शंका आली असती. मी लिहिलं, 'हे मशीन विजेची विलक्षण बचत करते.'

शेठ अहवाल वाचून खूश. कर्ज काढून आणलेल्या मशीनचं कौतुक कुणाला नको असतं? दुसऱ्याच दिवशी त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, "मिस्तरी, खूप केलंत. गुढीपाडव्यापासून आता आराम करा."

संध्याकाळी अण्णांनी डबा ओट्यावर आपटला. "बापाला घरी बसवायला शिकवलं व्हय तुला?"

मी अहवाल पुढे केला. अण्णांनी चष्मा लावला, माझ्याकडून एकेक वाक्य समजून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे मशीन वीज खात नाय?"

"फार कमी खातं, अण्णा."

"खाईल कसं! दसऱ्याला पूजा केली, हार घातला अन् वर प्लास्टिक टाकून ठेवलं. विजेचा लोड वाढवून मिळाला संक्रांतीनंतर. तवर ते उपाशीच उभं व्हतं."

शेठना मी 'मशीन कधी आलं' एवढंच विचारलं होतं. 'सुरू कधी झालं' हे विचारायचं सुचलंच नाही. धन्य ती अक्कल!

"मग खर्च कशानं कमी झाला?"

अण्णा चक्क लाजले. "राग आला व्हता मला. तीस वर्षं राबला माझा लेथ, त्याला दोन फुलं. अन् काल आलेल्याला हातभर हार!"

त्या रागात अण्णांनी लेथवर हत्यार ठरल्या मापालाच थांबवणारा एक लोखंडी अडसर बसवला. त्यामुळे दर नगाला माप घ्यायचं काम उरलं नाही आणि भंगारात जाणारे बुशही कमी झाले. चहासुद्धा उभ्यानं. समोरचा गडी बंद आहे हे ठाऊक असूनही अण्णा त्याच्याशी शर्यत लावून बसले होते.

सुधारलेला अहवाल आणि अण्णांना घेऊन मी शेठकडे गेले. सगळं ऐकून शेठ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "राहा मिस्तरी तुम्ही! पण तुम्हाला चिडवायला दर दसऱ्याला मशीन आणणं मला झेपायचं नाही."

घरी परतताना अण्णांनी विचारलं, "तुझ्या त्या समीकरणात माझा राग कुठं घातलास?"

मी शेवटचं अक्षर दाखवलं. "बाकी आकड्यांत जे बसत नाही, ते सगळं इथं."

"अन् आता मशीन सुरू झालंय. पुढच्या वर्षी इथं कोण असंल?"

खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

रविवारी मात्र सकाळीच माझ्यापुढे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक येऊन आदळलं. मशीनबरोबर आलेलं, कारखान्यातून मागून आणलेलं.

"वाच, अन् मला शिकव."

"तुम्ही चालवणार ते? तुमचा तर राग आहे ना त्याच्यावर?"

"हायेच," अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "म्हणून तर शिकायचंय."