लिंबू पुढे, गाडी मागे

चहा निवतोय, घ्या आधी. आणि एक कबूल करा, हसायचं नाही. स्वतःची फजिती मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय. कारण मी नाही सांगितली तर आमची ही सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आणखीच मूर्ख असतो!

सत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. चिंचवड स्टेशनजवळ आमची चाळ, आणि पिंपरीच्या एका कंपनीत गिअर शॉपला मी फिटर. आयटीआय पास! त्या काळात काय रुबाब होता त्याचा, राव! शॉपच्या चार्जहँडची, म्हणजे आम्हा कामगारांवरच्या मुकादमाची, जागा रिकामी झाली होती आणि दसरा झाला की नाव जाहीर होणार होतं. दोनच माणसं शर्यतीत. एक मी. दुसरे ज्ञानोबा तात्या. तळवड्याहून सायकलवर यायचे, शाळा चौथीत सोडलेली, बोटांना कायम ग्रीस. आता तुम्हीच सांगा, जागा कोणाला मिळायला हवी? बायकोने तर अख्ख्या चाळीला पेढे कबूल करून ठेवले होते.

त्यातच आमच्या मोठ्या साहेबांनी मुंबईहून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही. ती गेटमधून आत आली की लेथवरचे लोकसुद्धा काम सोडून बघायचे. माझा उत्साह बघून साहेबांनी मला एक इंग्रजी मासिक वाचायला दिलं. त्यात लेख होता: या गाडीच्या पहिल्या मॉडेलची गिअरपेटी आणि नंतरच्या मॉडेलची गिअरपेटी, यांत फरक काय. मी डिक्शनरी घेऊन बसलो. आठ दिवसांत लेख तोंडपाठ!

बरं, पाठ केला तो केला. पोटात राहील तर शपथ! दुसऱ्याच दिवशी कँटीनमधला फळा पुसला, त्यावरची उसळ गेली आणि माझ्या दोन गिअरपेट्या आल्या.

"हे बघा मंडळी. पहिल्या मॉडेलात पहिल्या गिअरला सिंक्रोची कडी नाही. सिंक्रो म्हणजे काय? फिरणाऱ्या दोन चाकांचा वेग जुळवून देणारी पितळी कडी. ती नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय पहिला टाकला की कर्रर्र! नंतरच्या मॉडेलात चारही गिअरना कडी दिली. आता दुसरा फरक. पहिल्या मॉडेलात अगदी डाव्या कोपऱ्यात वर पहिला गिअर, आणि रिव्हर्स उजवीकडे खाली. नंतरच्या मॉडेलात रिव्हर्सच आणला त्या डाव्या कोपऱ्यात, आणि पहिला सरकवला जरा अलीकडे. साहेबांची गाडी पहिल्या मॉडेलची. बॉनेटखालच्या पट्टीवर साल कोरलंय!"

तात्या चहात पाव बुडवत होते. वर न बघता म्हणाले, "मास्तर, गाडी जुनी हाय, व्हय. पर पेटी बदललेली हाय."

"कशावरून?"

"साहेब गेटवर गाडी न थांबवता पयला टाकत्यात. कवा आवाज आलाय का?"

"साहेबांचा हात चांगला आहे!"

"आन् शनवारी तेल बदलाया मी गाडीखाली गेल्तो. पेटी नव्या घडणीची हाय."

"तात्या, तुम्ही लेख वाचलाय का?"

"न्हाई बा. मी पेटी बघितलीया."

कँटीन हसलं. मला वाटलं, तात्यांना हसलं.

मग आली खंडेनवमी. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी कारखान्यात काम बंद. यंत्रांना हार, हातोड्यांना हळदकुंकू, आणि घरची मंडळी नटूनथटून कंपनी बघायला. अंगणात मधोमध साहेबांची गाडी उभी केली होती. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू. मागे वीसेक पावलांवर टेबल, त्यावर पूजेला मांडलेली मापाची हत्यारं, आणि शेजारी स्टुलावर प्रसादाच्या शिऱ्याचं हे एवढं पातेलं.

नारळ फुटला. साहेब मला म्हणाले, "तुम्ही एवढा अभ्यास केलाय. लिंबावरून गाडी तुम्हीच काढा."

काय सांगू, छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं! चार्जहँडची जागा आपलीच, दुसरा अर्थच नाही. मी ट्रायलचे ट्रक चालवायचो, ही तर एवढीशी गाडी. आत बसलो. साहेब वाकून म्हणाले, "फक्त एक सांगतो, या गाडीचा रिव्हर्स…"

"पाठ आहे, साहेब!"

मोठ्या साहेबांचं वाक्य मी तोडलं. मी! आजही आठवलं की घाम फुटतो.

दांडा धरला, डावीकडे नेला. मध्ये जरा अडला. म्हटलं जुनी पेटी, घट्ट असणारच. आणखी जोर लावून कोपऱ्यात नेला, वर ठासला, क्लच सोडला. गाडी हातभर मागे आली.

"उतार आहे, उतार!" मी ओरडलो.

उतार? त्या अंगणात आम्ही सुट्टीत गोट्या खेळायचो. जिथे ठेवाल तिथे राहायची गोटी.

पुन्हा क्लच, पुन्हा तोच कोपरा, यावेळी ॲक्सिलरेटर जास्त. गाडी आठ-दहा पावलं मागे! बायका किंचाळल्या, मंडळी पांगली. मी मात्र समजावतोय, "पहिल्या मॉडेलचा पहिला गिअर उशिरा पकडतो!"

गर्दीतून तात्या ओरडले, "मास्तर, रिव्हर हाय त्यो!"

आणि मी, गाडीला तिसऱ्यांदा जोर देत, मागे मागे जात काय म्हणालो असेन? म्हणालो, "तात्या, रिव्हर्स उजवीकडे असतो!"

धडाम!

टेबल आडवं. हत्यारं मातीत. आणि शिरा? शिरा छप्पर नसलेल्या गाडीत! सीटवर, माझ्या मानेवर, कॉलरच्या आत. बेदाणे आंघोळीच्या वेळेपर्यंत निघत होते. पुढे बघतो तर दोन्ही लिंबं जागच्या जागी, नवी कोरी.

गर्दीत कोणीतरी माझ्या बायकोला विचारलं, "हेच का हो तुमचे?"

"छे हो," ती म्हणाली, "ते दुसऱ्या शॉपचे."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. रुमालाने स्टीअरिंगवरचा शिरा पुसत शांतपणे म्हणाले, "आधीच्या मालकाने पेटी बदलून घेतली होती. तेच सांगत होतो." मग तात्यांना बोलावलं. तात्यांनी सीट पुसली, बसले, दांडा हलक्या हाताने जरा अलीकडे नेला. गाडी पुढे, लिंबं फच्च! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दसऱ्यानंतर नोटीस लागली, चार्जहँड कोण ते सांगायला नकोच. चाळीला पेढ्यांऐवजी काय सांगायचं, यावरून आमच्या घरात आठ दिवस अबोला होता.

खोटं कशाला बोलू, मनाला फार लागलं होतं. तात्यांच्या हाताखाली काम करायचं? राजीनामासुद्धा लिहिला होता. पण पहिल्याच दिवशी तात्या म्हणाले, "मास्तर, त्या दोन पेट्यांचं चित्तार शॉपच्या फळ्यावर काढा. झ्याक काढता तुमी. पोरं शिकत्याल." काढलं. राजीनाम्याच्या कागदामागे बायकोने किराणा लिहिला.

पुढे तीन-चार वर्षांनी माझा बुकिंगचा नंबर लागून नवी स्कूटर आली. खंडेनवमीला पूजेसाठी मोठ्या ऐटीत कंपनीत नेली. तात्या लिंबू घेऊन आले, स्कूटरला एक चक्कर मारली, आणि लिंबू ठेवलं मागच्या चाकाच्या मागे!

सगळं शॉप बघतंय. मी चिडलो. "अहो तात्या, स्कूटरला रिव्हर्स नसतो!"

तात्यांनी टोपी सारखी केली.

"पुस्तकात नसंल," ते म्हणाले. "पर चालवणार तुमी हाय न्हवं?"