सोसायटी कडुलिंबाखाली

आधी एक कबूल करा. ऐकताना हसलात तरी चालेल, पण नंतर आमच्या सोसायटीत कोणाला विचारायला जायचं नाही. ते लोक फार तिखटमीठ लावून सांगतात. माझी फजिती मुळातच इतकी चमचमीत आहे, की तिला वरून काही लावायची गरज नाही. घ्या, चहा घ्या, सांगते.

तर मी पहिल्यापासून भित्री. कुकरची शिट्टी झाली की दचकते, आणि तो कुकर मीच लावलेला असतो. बेल वाजली की आधी हात छातीवर, मग कडीवर. सागर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तुला हाक मारण्याआधी एकदा खाकरावं लागतं."

सासूबाई मात्र नामपूरच्या. शेतात साप निघाला तर त्याला काठीने बाजूला सारून पुढची निंदणी चालू ठेवणारी बाई. मी त्यांना आईच म्हणते. आमच्याशी त्या मराठीत बोलतात, पण फोनवर लेक आली की सरळ अहिराणी. एकदा मी मेथी निवडत बसले होते आणि आई लेकीला सांगत होत्या, "पोर चांगली शे, पन तिले भ्याव फार लागस."

भ्याव म्हणजे भीती. लग्नानंतर मी शिकलेला अहिराणीतला पहिला शब्द. माझा विषय निघाला की तो यायचाच.

आणि मग पुढचं वाक्य आलं, "तिना हातमा घर कसं सोडू मी?"

लागलं हो मनाला! मेथीच्या काड्या कुठल्या आणि पानं कुठली, सगळं एक झालं.

यंदा उन्हाळ्यात नणंदेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आई सटाण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "वर्षाची बेगमी तू कर यंदा. तुला जमेल तशी कर. मी आले की पाहीन."

त्या "पाहीन"मध्ये जेवढा दम होता, तेवढा मला विद्यापीठाच्या परीक्षेतही कोणी दिला नव्हता. पण मी ठरवलं. आई परत येतील तेव्हा घर असं तयार दिसलं पाहिजे, की त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं, पोरीच्या हातात घर सोडायला हरकत नाही.

आता भित्र्या माणसाला बेगमी करायला सांगितलं की तो काय करतो? आधी मोबाइलवर व्हिडिओ बघतो. आणि मोबाइलला एकदा कळलं ना तुम्ही घाबरट आहात, की तो तुम्हाला सोडत नाही. पूर आला तर काय, आग लागली तर काय, लाइट गेली, पाणी गेलं, रस्ते बंद झाले तर काय! मी दाराजवळ एक पिशवी भरून ठेवली. कागदपत्रांच्या झेरॉक्स, टॉर्च, औषधं, दोरी, आणि गळ्यात अडकवायची एक शिट्टी. सागरला समोर बसवून नियम समजावले.

"एक शिट्टी म्हणजे खिडक्या उघडायच्या. लांब शिट्टी म्हणजे जिना उतरून थेट खाली, कडुलिंबाखाली जमायचं."

"आणि तीन शिट्ट्या म्हणजे वरण शिजलं," सागर म्हणाला.

हे असं! माणूस जीव वाचवायला बघतोय आणि याला वरण सुचतंय.

बेगमीही मी त्याच शिस्तीत केली. गव्हात कडुलिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, कुरडया, पापड, सांडगे. शिवाय संकटकाळासाठी वेगळा कोरडा खाऊ: चिवडा, भडंग, शेंगदाण्याचे लाडू. आणि काटकसर तर विचारू नका. एक नवा डबा आणला नाही. जुन्या बरण्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, सगळं घासूनपुसून वापरलं. व्हिडिओतली बाई एकच मंत्र सांगायची, हवाबंद ठेवा. हवा लागली की वस्तू गेली. मी आपली एकेक झाकण आवळत सुटले. सागर म्हणालासुद्धा, "मला नको हवाबंद करूस."

त्यातच नामपूरहून चुलतदिरांनी टेम्पोवाल्याबरोबर उन्हाळ कांद्याची गोणी पाठवली. पावसाळाभर पुरेल अशी. टपोरे, लालसर, कोरडे खडखडीत कांदे. माझं माहेर नाशकातलंच, नोकरदारांचं. आमच्याकडे कांदा पिशवीतून यायचा आणि तो संपायच्या आत दुसरी पिशवी यायची. गोणी मी पहिल्यांदाच बघत होते. आणि आईंनी काही सांगितलंही नाही. का सांगतील? त्यांच्या लेखी ते माशाला पोहायला शिकवण्यासारखं.

माळ्यावर एक निळं प्लास्टिकचं पिंप रिकामं पडलं होतं. आणला एक डबा, भरला, असं नाही. आहे ते वापरलं! सगळी गोणी त्यात रिचवली. झाकण दाबून बसवलं, वरून चिकटपट्टी फिरवली आणि पिंप ओट्याखाली सरकवलं. सिलिंडरच्या शेजारी. जागेची पण बचत. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की मी त्या पिंपाचा फोटो काढला.

काही आठवडे गेले. उन्हाने भिंती तापत होत्या. आणि एका सकाळी चहा टाकायला गेले, तर वास.

गॅसचा!

मी जागच्या जागी थिजले. मग सगळं व्यवस्थित केलं बरं का. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, एक शिट्टी. सागर दाढीचा फेस घेऊन बाहेर आला.

"वास येतोय ना?" मी विचारलं.

"कसला?"

सागरचं नाक म्हणजे नुसती चेहऱ्याची शोभा. बारमाही सर्दी. फोडणी जळली तरी त्याला धूर दिसल्यावर कळतं. त्याची साक्ष काय कामाची?

"गॅसला स्वतःचा वास नसतो," मी त्याला सांगितलं. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे मी. "गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकाचा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा तोच वास."

"पंखा लावू का?"

"स्विचला हात लावशील तर बघ! ठिणगी पडेल!"

साबणाचा फेस लावून पाइप तपासला. बुडबुडा नाही. सिलिंडर बदलला. वास तसाच. खिडक्या उघडल्या की कमी, बंद केल्या की जास्त. म्हणजे गॅसच, नाही का? तुम्हीच सांगा!

झालं. आमच्या घरात चूल बंद. मिक्सर बंद, पंखा बंद. भर उन्हाळ्यात आम्ही दोघं घामाने निथळत, माझा संकटकाळचा खाऊ खात बसलो. आधी चिवडा, मग भडंग, मग लाडू. मला तर मनातून बरंच वाटत होतं. बघा, म्हटलं, संकट आलं आणि आमच्याकडे तयारी आहे!

लाडू संपल्यावर आम्ही कच्च्या कुरडयांवर आलो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शेख भाभी दारात उभ्या राहिल्या. मूळच्या मालेगावच्या, मायेने ओथंबलेल्या.

"अगं बेटा, कच्च्या कुरडया काय चावते? पेट दुखेल ना! घे, दालचा आणलाय. गरम आहे."

"भाभी, तुम्हाला वास येतो का हो?"

भाभींनी नाक वर केलं. "येतो तो खरा. या अल्लाह, गॅस?"

आता साक्षीदार मिळाला! मी लगेच गॅस दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आपली हत्यारांची पिशवी निळ्या पिंपावर टेकवली आणि सगळं तपासलं. पाइप नवा बसवला.

"ताई, तुमचं एकदम ओके आहे. वास आहे खरा, पण सिलिंडरचा नाही. वरून-खालून कुठून येत असेल बघा."

वरून-खालून! म्हणजे अख्ख्या इमारतीला धोका! मी तडक आमचे चेअरमन देवरे काका यांच्याकडे गेले. काका देवळ्याकडचे, निवृत्त, आवाज लाउडस्पीकरचा. त्या दिवशी त्यांचा नवा जावई पहिल्यांदाच आमरसाच्या जेवणाला यायचा होता. आतून पुरणाचा घमघमाट सुटला होता.

"काका, गॅस बंद करायला सांगा काकूंना. सगळ्या इमारतीतले गॅस बंद करायला लागतील. गळती आहे."

"अगं पुरण शिजतंय सूनबाई! जावई वाटेवर आहे!"

"काका, जावई पोचेपर्यंत इमारत राहिली पाहिजे ना?"

काकांचा चेहरा पडला. काकूंनी आतूनच शेगडी बंद केल्याचा आवाज आला. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, न दचकता, जिन्यात उभी राहून लांब शिट्टी फुंकली आणि ओरडले, "गॅस! सगळे कडुलिंबाखाली!"

काय सांगू, सगळे खाली आले! लेकरं, म्हातारी माणसं, केसांना मेंदी लावलेल्या बायका, पोळपाट हातात घेतलेल्या देवरे काकू. सगळी सोसायटी कडुलिंबाखाली, उन्हात, चिडीचूप. मी सगळ्यांची मोजणी घेत होते. जावईही तेवढ्यात आला आणि बिचारा आंब्यांची पेटी घेऊन रांगेत उभा राहिला.

आणि गेटपाशी रिक्षा थांबली. आई उतरल्या. बोचकं सांभाळत आत आल्या आणि समोर पाहतात तर अख्खी इमारत झाडाखाली, माना खाली घालून उभी. आईंनी पदर डोक्यावर ओढला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं आई! गॅस गळतोय कुठेतरी. मी वेळेवर सगळ्यांना बाहेर काढलं."

"तू काढलं?"

"हो."

"एकटीने?"

शेख भाभी पुढे आल्या. "शेरनी आहे तुमची सून, आपा! आम्ही सगळे तिच्यामुळे बचावलो."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्या नजरेसाठी मी ती सगळी झाकणं आवळली होती. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "मी उगाच भित्री भित्री म्हणत होते माझ्या पोरीला," त्या म्हणाल्या.

इथेच किस्सा संपला असता तर किती छान झालं असतं!

पण आईंना रक्तदाबाची गोळी घ्यायची होती आणि ती वर कपाटात. मी नको नको म्हणत असताना त्या जिना चढायला लागल्या. मी मागे, माझ्या मागे देवरे काका, त्यांच्या मागे अर्धी सोसायटी. आमच्या मजल्यावर पोचल्या आणि थबकल्या. एकदा नाक ओढलं. पुन्हा ओढलं. मग हळूहळू माझ्याकडे वळल्या.

"पोरी, कांदा कुठं ठेवला?"

"पिंपात."

"कोणत्या पिंपात?"

"निळ्या. प्लास्टिकच्या."

"झाकण?"

"घट्ट," मी म्हटलं. आणि तोंडातून निघून गेलं, "चिकटपट्टीसुद्धा लावली."

कांद्यातही गंधकच असतो, वासाचं ते सगळं कुटुंब एकच, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलं होतं. आकृतीसह. ते मला नेमकं त्या पायरीवर आठवलं.

मागून देवरे काकांचा लाउडस्पीकर सुटला, "अरे देवा! कसमादेची सून! कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा, चारी तालुके कांद्याला वारा लागावा म्हणून चाळी बांधतात, आणि हिने त्याला कोंडून मारलं!"

आईंनी आत जाऊन चिकटपट्टी ओढली. झाकण फुगलेलंच होतं. ते उडालं आणि मग जो काही वास सुटला! शिट्टी फुंकायची गरजच पडली नाही. मघाशी उतरायला कुरकुरणारी माणसं दोन-दोन पायऱ्या गाळत कडुलिंबाखाली पोचली.

सगळ्यात शेवटी सागर आला. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर आश्चर्य. "ऋतुजा," तो म्हणाला, "मला वास आला! माझं नाक उघडलं!"

घरात कोणाचं तरी भलं झालं म्हणायचं.

जावयाला काकांनी मिसळ खायला नेलं. तो अजून सांगतो म्हणे, सासुरवाडीचा पाहुणचार फार वेगळा होता. माझं म्हणाल तर हिशेब सरळ आहे. संकटासाठी साठा केला, साठ्यानेच संकट आणलं, आणि त्या संकटात साठा खाऊन संपला.

आई मात्र रागावल्या नाहीत. वाचलेले कांदे त्यांनी बाल्कनीत गोणपाटावर पसरले आणि मला शेजारी बसवलं. "वास आला की घाबरायचं नाही. शांतपणे बसायचं, एकेक कांदा हातात घ्यायचा, दाबून पाहायचा, मऊ निघाला की बाजूला काढायचा. कळलं?"

कळलं. पक्कं कळलं.

मागच्याच आठवड्यात मी शेगडीवर दूध ठेवून बाहेर बसले होते. थोड्या वेळाने तोच उग्र वास. पूर्वीची मी असते तर किंचाळले असते. पण नाही! मी ना दचकले, ना शिट्टी शोधली. शांतपणे बाल्कनीत गेले, मांडी घातली आणि एकेक कांदा हातात घेऊन दाबून पाहायला लागले. सगळे टणक. मला नवल वाटलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात देवळातून आलेल्या आई चपला न काढता धावत स्वयंपाकघरात शिरल्या. दूध उतू जाऊन आच विझली होती आणि शेगडी नुसती फुसफुसत होती. त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि बाल्कनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी हातातला कांदा दाखवत म्हटलं, "आई, एकही खराब नाही."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी मेथी निवडत होते.

"पोर आते घाबरत नही," आई म्हणाल्या. मी खूश होऊन मान वर केली.

"आते मालेच भ्याव लागस."